ठिगळ की अस्तर?

कापड विरले की शिंपी दोनांपैकी एक मार्ग धरतो. विरलेला भाग कापून काढतो आणि तिथे नवे कापड टाके घालून बसवतो. नाहीतर आहे ते कापड तसेच ठेवून आतून अस्तर लावतो. कापड फाटले किंवा डागाळले असेल तर पहिला मार्ग योग्य, नुसते विरले असेल तर दुसरा. केरॅटोकोनस या विकारात डोळ्याचे पारपटल, म्हणजे कॉर्निया हा डोळ्याच्या दर्शनी भागावरचा पारदर्शक पडदा, असाच विरत जातो आणि विरता विरता शंकूसारखा पुढे येतो. तरीही विसाव्या शतकातला बराच काळ, विकार पुढे गेला की शल्यचिकित्सकांपुढे एकच खात्रीचा उपाय होता: मधला भाग गोल कापून काढायचा आणि मृत व्यक्तीने दान केलेले पारपटल तिथे शिवायचे. गेल्या पंचवीस वर्षांत अस्तराचा मार्ग हळूहळू पुढे आला आहे. प्लॅस्टिकच्या कमानी, दान केलेल्या पारपटलाच्या पट्ट्या आणि अगदी अलीकडे डुकराच्या कातडीतल्या कोलॅजेनपासून बनवलेल्या चकत्या पारपटलाच्या थरांमध्ये सरकवल्या जात आहेत. या रोपणांविषयी एकाच वेळी अति उत्साहाने आणि अति संशयाने बोलले जाते. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर भर घालण्याची दिशा तत्त्वतः बरोबर दिसते. पण तिची आजवरची फळे बातम्यांमधून वाटतात तेवढी पक्व नाहीत आणि ती सगळ्यांसाठीही नाहीत.

हे नीट समजायचे तर विकाराची जात ओळखावी लागते. निकोप पारपटल मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असते. डोळ्याची प्रकाश वळवण्याची जवळपास दोनतृतीयांश शक्ती, सुमारे ४३ डायॉप्टर, एवढ्याशा पडद्यात असते. या जाडीचा नऊदशांश भाग कोलॅजेनच्या तंतूंचा, म्हणजे स्ट्रोमाचा. सर्वांत आत पेशींचा एकेरी थर असतो. तो पारपटलातले पाणी सतत बाहेर उपसून त्याची पारदर्शकता टिकवतो, आणि माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा भरून येत नाहीत. केरॅटोकोनसमध्ये बिघाड होतो तो स्ट्रोमात. तंतूंची वीण सैल होते, पडदा पातळ होतो आणि डोळ्याच्या आतल्या नेहमीच्या दाबानेच पुढे फुगतो. वक्रता ५५, ६०, कधी ७० डायॉप्टरच्याही वर जाते. चष्म्याचा सिलिंडर नंबर दर खेपेला बदलू लागतो, मग चष्मा निरुपयोगी होतो आणि शेवटी कडक कॉन्टॅक्ट लेन्सही त्या उंचवट्यावर टिकत नाही. पण बहुतेक रुग्णांत पारपटल बराच काळ पारदर्शक राहते, आणि आतला पाणी उपसणारा थर सहसा शाबूत असतो. कमी पडते ती जाडी आणि तिच्या आधारे टिकणारा आकार. जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज वैद्याने १८५४ मध्ये या विकारावर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून वर्णनाचा गाभा हाच आहे.

हा विकार बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहतो, म्हणजे शिक्षण आणि उमेदवारीच्या नेमक्या वर्षांत दृष्टी ओढून नेतो. तो किती जणांना होतो याची उत्तरे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या १९८६ च्या अभ्यासाने लाखात ५४ हा आकडा दिला. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या अभ्यासाने तो लाखात २६५ वर नेला, कारण मधल्या काळात पारपटलाचा नकाशा काढणारी यंत्रे आली. महाराष्ट्राचा या चर्चेत थेट वाटा आहे. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये तिशीच्या पुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात हे प्रमाण तब्बल २.३ टक्के सांगितले गेले. मात्र तिथे ४८ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक वक्रता हाच निकष धरला होता, आणि ती रेघ थोडी वर सरकवली की टक्केवारी झपाट्याने उतरते. म्हणून २.३ टक्के या आकड्यावर मोठ्या योजना उभारणे धाडसाचे ठरेल. पण नकाशा काढून पाहिले की पूर्वी वाटे त्याहून बरेच अधिक रुग्ण सापडतात, एवढे या सर्व अभ्यासांवरून निश्चित म्हणता येते.

आता जुना मार्ग. १९०५ च्या डिसेंबरात एडुआर्ड झिर्म यांनी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी चुन्याने भाजलेल्या डोळ्यावर पारपटलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. पुढे १९३० च्या दशकात रामोन कास्त्रोव्हिएहो यांनी तेच तंत्र केरॅटोकोनससाठी वापरले. नेत्रपेढ्या उभ्या राहिल्या, शिवणकामाचे धागे केसाहून बारीक झाले आणि केरॅटोकोनस हे प्रत्यारोपणाचे सर्वांत यशस्वी कारण ठरले. पहिल्या पाच वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कलमे, म्हणजे शिवलेली पारपटले, स्वच्छ राहतात. पहिला आक्षेप इथूनच येतो: एवढे यश हाती असताना नवी खटपट कशाला? त्याचे उत्तर ‘यश’ या शब्दातच शोधावे लागते. प्रत्यारोपणाच्या नोंदवह्या मोजतात ते कलमाचे टिकणे. रुग्णाला हवी असते ती नजर. कलम काचेसारखे स्वच्छ असूनही सोळा-सोळा टाक्यांच्या कमीजास्त ताणामुळे आकार वाकडा राहतो आणि अनेकांना शस्त्रक्रियेनंतरही कॉन्टॅक्ट लेन्स लावावीच लागते. टाके पूर्ण निघायला वर्ष-दीड वर्ष जाते. कापलेली कडा मूळ ताकदीला कधीच पोहोचत नाही, त्यामुळे डोळ्याला जोराचा मार बसला तर कित्येक वर्षांनीही ती उसवू शकते. शरीराने कलम नाकारण्याचा धोकाही राहतो. शिवाय दात्याकडून आलेल्या आतल्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने कमी होत जातात. सत्तरीतल्या रुग्णाला याची फारशी झळ लागत नाही. पंचविशीतल्या रुग्णापुढे मात्र पन्नास वर्षे असतात आणि त्यात दुसरे, कदाचित तिसरे कलम येते. थोडक्यात, स्ट्रोमाच्या दुखण्यासाठी इथे निरोगी आतला थरही कापून फेकला जातो.

शल्यचिकित्सकांना ही विसंगती कळली होती. २००२ मध्ये अन्वर आणि टाइशमान यांनी हवेचा मोठा बुडबुडा सोडून आतला थर अलग करण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि रुग्णाचा स्वतःचा पेशीथर राखून केवळ पुढचा भाग बदलणे अनेकांच्या आवाक्यात आले. नाकारले जाण्याचा सर्वांत गंभीर प्रकार त्यामुळे टळतो, म्हणून आज प्रगत केरॅटोकोनससाठी अनेक ठिकाणी हीच पहिली पसंती असते. तरी टाके राहतातच, आणि दात्याची गरजही राहते. दात्यांचा तुटवडा किती आहे हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीने दाखवले: सव्वा कोटीहून अधिक लोक प्रतीक्षेत, आणि सत्तर जणांच्या गरजेमागे उपलब्ध पारपटल एक. ज्या देशात ही रांग लांब आहे तिथे स्वतःचा आतला थर धडधाकट असलेल्या तरुणावर संपूर्ण पारपटल खर्ची घालणे हा केवळ वैद्यकीय प्रश्न उरत नाही.

अस्तराची कल्पना प्लॅस्टिकपासून सुरू झाली. कोलंबियात काम करणारे होसे बर्राकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेले सूत्र असे होते की पारपटलाच्या कडेला भर घातली तर मध्यभाग सपाट होतो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीच्या कडेखाली काठी सरकवली की मधला झोळ ताणला जातो, तसेच हे. या तत्त्वावरच्या अॅक्रिलिकच्या अर्धगोल कमानी आधी साध्या मायोपियासाठी, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याच्या दोषासाठी, बनल्या आणि त्यांना अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. मायोपियात लेझरने त्यांना केव्हाच मागे टाकले. पण फ्रान्समध्ये जोझेफ कोलँ यांनी त्या केरॅटोकोनससाठी वापरून पाहिल्या, ब्राझीलमध्ये पाउलो फेरारा यांनी स्वतंत्रपणे त्रिकोणी छेदाच्या कमानी विकसित केल्या, आणि २००४ मध्ये अमेरिकेनेही या वापराला मर्यादित मान्यता दिली. फेम्टोसेकंद लेझरने हवा त्या खोलीवर बोगदा पाडता येऊ लागल्यावर शस्त्रक्रिया काही मिनिटांची झाली. सर्वांत मोठा गुण म्हणजे कमान काढून घेता येते. न जमल्यास पुढचे दार उघडे राहते. पण प्रगत विकाराच्या कसोटीवर हा उपाय उणा पडतो. कमान मध्यभाग सर्वसाधारणपणे तीन ते पाच डायॉप्टरने सपाट करते. ६५ डायॉप्टरच्या शंकूला तेवढे पुरत नाही. बोगद्यासाठी पुरेशी जाडी लागते, आणि प्रगत अवस्थेत नेमकी तीच गेलेली असते. पातळ पडद्यात कडक प्लॅस्टिक ठेवले तर वरचा थर झिजून कमान बाहेर डोकावू शकते. शिवाय कमानीने विकाराची वाढ थांबते असेही नाही.

ही वाढ थांबवण्याचे श्रेय वेगळ्या उपचाराला जाते. ड्रेस्डेनमध्ये वोलेन्साक, श्पोर्ल आणि सायलर यांनी २००३ मध्ये रिबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-२, आणि अतिनील किरणे वापरून कोलॅजेनचे तंतू एकमेकांत घट्ट गुंफण्याची पद्धत मांडली. ब्रिटनमधल्या २०२१ च्या चाचणीत १० ते १६ वर्षांच्या साठ मुलांपैकी उपचार झालेल्या गटात दीड वर्षात ७ टक्क्यांचा विकार वाढला, तर उपचार न झालेल्या गटात ४३ टक्क्यांचा. ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात हा उपचार रुळल्यानंतर केरॅटोकोनससाठी होणारी प्रत्यारोपणे निम्म्याच्या खाली आली. त्यावरून दुसरा आक्षेप निघतो: सगळा पैसा आणि बुद्धी लवकर निदान करून हा उपचार देण्यात घालावी, रोपणे म्हणजे उशिराची मलमपट्टी. प्राधान्यक्रम म्हणून हे म्हणणे मान्यच करायला हवे. मात्र हा उपचार विकार आहे तिथे रोखतो, गेलेली जाडी परत देत नाही. आणि मूळ पद्धतीनुसार तो करायला किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते. जिथे निदानच उशिरा होते तिथे असा रुग्ण दारात येतो तेव्हा ती वेळ टळलेली असते. त्याला ‘आधी यायला हवे होतेस’ असे सांगणे हा उपचार नव्हे.

अशा रुग्णासाठी पुढची पायरी जिवंत ऊतीच्या जवळ जाणारी आहे. चेन्नईच्या सुसन जेकब यांनी २०१८ मध्ये प्लॅस्टिकऐवजी दान केलेल्या पारपटलाच्याच पट्ट्या बोगद्यात बसवण्याचे तंत्र २४ डोळ्यांच्या अनुभवासह प्रसिद्ध केले. पट्टी मऊ असते, यजमान ऊतीशी जुळवून घेते, म्हणून कमी खोलीवर बसवता येते आणि बाहेर येण्याची भीती कमी राहते. अमेरिकेत पीटर हर्श यांच्या गटाने अशीच पट्टी प्रत्येक रुग्णाच्या नकाशाप्रमाणे लेझरने कापून वापरली. नेदरलँड्समध्ये खेरिट मेल्लेस यांच्या गटाने दात्याच्या पारपटलातला बोमन थर, म्हणजे स्ट्रोमाच्या पुढचा अगदी पातळ थर, तेवढा अलग करून अति तीव्र शंकूच्या आत पसरला. तिथे उद्देश नजर वाढवण्यापेक्षा आकार थोडा उतरवून रुग्णाला पुन्हा लेन्स लावता यावी आणि प्रत्यारोपण लांबावे एवढाच होता. या साऱ्या प्रकारांतला एक लाभ पुरेसा बोलला जात नाही. नेत्रपेढीत आलेले पारपटल संपूर्ण प्रत्यारोपणाला चालेल की नाही हे मुख्यतः आतल्या पेशींच्या संख्येवर ठरते. पट्टीला किंवा बोमन थराला त्या पेशींची गरजच नाही. म्हणजे वयस्क दात्याचे, एरवी बाजूला पडलेले पारपटल इथे कामी येते. आणि पेशी चांगल्या असतील तर आतला थर एका रुग्णाला, स्ट्रोमा दुसऱ्याला अशी वाटणी शक्य होते. ज्या देशात नेत्रदान गरजेच्या मानाने तोकडे आहे तिथे हा हिशेब दृष्टीच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

दात्याशिवायच भागवण्याचा प्रयत्न स्वीडनमधल्या लिंशोपिंगमध्ये सुरू झाला. मे ग्रिफिथ आणि पेर फागरहोल्म यांनी २०१० मध्ये यीस्टकडून तयार करवलेल्या मानवी कोलॅजेनचे पारपटल दहा रुग्णांना बसवल्याचे प्रसिद्ध केले. त्यातले नऊ केरॅटोकोनसचे होते. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि मज्जातंतू त्या साच्यात शिरले, हे मोठे यश. पण साचा मऊ होता, वरून टाक्यांनी आवळून धरावा लागला, आणि नजर दात्याच्या पारपटलाइतकी सुधारली नाही. त्याच गावातल्या मेहरदाद रफत आणि नील लागाली यांनी डुकराच्या कातडीतले वैद्यकीय दर्जाचे शुद्ध कोलॅजेन घेऊन ते दोन वेळा गुंफून बळकट केले आणि बसवण्याची पद्धतच बदलली: काही कापून न काढता लेझरने थरांमध्ये खिसा करायचा आणि छोट्या छेदातून चकती आत सरकवायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिल्लीच्या एम्समधले आणि इराणमधले मिळून वीस रुग्ण होते. दोन वर्षांनंतर भारतीय गटात पारपटलाची जाडी सरासरी २०९ मायक्रॉनने वाढली आणि कमाल वक्रता सरासरी १३.९ डायॉप्टरने उतरली. इराणी गटात हे आकडे २८५ आणि ११.२ होते. शस्त्रक्रियेपूर्वी अंधत्वाच्या व्याख्येत बसणारे चौदाही रुग्ण त्यातून बाहेर आले. प्रतिकारशक्ती दाबणारे थेंब काही आठवड्यांपुरतेच लागले. प्लॅस्टिकच्या कमानीच्या तीन-पाच डायॉप्टरशेजारी हे आकडे ठेवले की लोकांना भुरळ का पडली ते कळते.

पण हाच अहवाल बारकाईने वाचला तर सावध व्हायला होते. भारतीय रुग्णांची २०/२६ ही सरासरी नजर कॉन्टॅक्ट लेन्स लावून मोजलेली आहे. इराणी रुग्णांची चष्म्याने मोजलेली नजर २०/५८ होती. रोपणाने लेन्स सुटली असे सरसकट म्हणता येत नाही. रोपणाने पारपटलाला लेन्स पुन्हा पेलता येऊ लागली, आणि तोच त्याचा खरा पराक्रम. तुलनेसाठी समांतर गट नव्हता, रुग्ण वीसच होते, काळ दोन वर्षांचा होता, आणि संशोधकांपैकी काहींचे हितसंबंध उत्पादन करणाऱ्या कंपनीशी होते. यातली कोणतीही गोष्ट निष्कर्ष खोटा ठरवत नाही. पहिल्या टप्प्याच्या चाचण्या अशाच असतात. मात्र पंचविशीतल्या रुग्णाच्या पन्नास वर्षांचा विचार करूनच आपण प्रत्यारोपणाला दोष दिला, तर दोन वर्षांच्या आकड्यांवर चकतीला माफी देता येणार नाही. दहा वर्षांनी ते कोलॅजेन तसेच राहते, विरघळते की धूसर होते, हे अजून ठरायचे आहे. मानवी ऊतीच्या पट्ट्यांचे अहवालही बहुतांशी छोटे आणि तुलनागटाविना आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, कारण तो शस्त्रक्रियेचीच गरज नाकारतो. पारपटलाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर विसावणारी मोठी स्क्लेरल लेन्स आता उपलब्ध आहे. तिच्याखाली भरलेले पाणी शंकूची सगळी उंचसखलता झाकून टाकते. बेल्जियममधल्या २०१८ च्या अभ्यासात ७० डायॉप्टरच्या वर गेलेले, एरवी प्रत्यारोपणाला गेले असते असे ५१ डोळे होते. त्यातल्या ४० डोळ्यांचे काम या लेन्सवर भागले. म्हणून एखाद्या रुग्णाला स्क्लेरल लेन्स नीट लावून न पाहताच शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले असेल, तर रोपण कितीही आधुनिक असो, निर्णय घाईचा झाला. तरी ही लेन्स रोज लावायची, काढायची, निर्जंतुक पाण्याने भरायची. धुळीत, उन्हात, भट्टीशेजारी काम करणाऱ्याला, किंवा ती मोजून बसवणारा तज्ज्ञ दोनशे किलोमीटरवर असणाऱ्याला ती निभावणे कठीण. शिवाय लेन्स नजर देते, पडद्याला जाडी देत नाही. ज्यांना ती पेलत नाही असा गट लहान असला तरी खरा आहे, आणि रोपणांचा हक्काचा प्रांत तोच.

डुकरापासून आलेल्या पदार्थाविषयीचा संकोच हा चौथा मुद्दा. तो हसण्यावारी नेऊ नये. बसवले जाते ते पेशीविरहित शुद्ध केलेले प्रथिन असते, आणि पहिली चाचणी इराण व भारत या दोन देशांत झाली, यावरून संकोच ओलांडता येतो हे दिसते. पण रुग्णाला स्रोत स्पष्ट सांगणे आणि मानवी ऊतीचा पर्याय पुढे ठेवणे हे शल्यचिकित्सकाचे कर्तव्य आहे. तो पर्याय आज अस्तित्वात आहे, त्यामुळे लपवाछपवीला सबबही उरत नाही.

या साऱ्यातून निवडीची एक रीत निघते, आणि तिची सुरुवात ‘कोणते रोपण सर्वांत चांगले’ या प्रश्नापासून होत नाही. या पारपटलातून काय गेले आहे, हे आधी विचारावे. विकार वाढत असेल आणि जाडी शिल्लक असेल तर गुंफणीचा उपचार, तोही तातडीने. आकार बिघडला पण पडदा बऱ्यापैकी जाड असेल तर कमान किंवा पट्टी. जाडी पार गेली, लेन्स पेलेनाशी झाली, पण पारदर्शकता टिकून आहे, अशा डोळ्याला चकती किंवा बोमन थर, शक्यतो चाचणीच्या शिस्तीत आणि दीर्घ नोंदी ठेवून. आणि मध्यभागी पांढरा डाग पडला असेल, ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात, तिथे अस्तराने काही साधत नाही. डागाळलेले कापड कितीही जाड केले तरी डाग दिसतोच. तिथे प्रत्यारोपण हाच मार्ग आणि तो नव्वद टक्क्यांचा विश्वास कमावलेला मार्ग आहे. आज गरज आहे ती स्क्लेरल लेन्स, मानवी पट्टी आणि कोलॅजेनची चकती यांची सारख्याच रुग्णांवर तुलना करणाऱ्या, किमान पाच वर्षे चालणाऱ्या चाचणीची, आणि तिच्यात वक्रतेचा उतार हे यशाचे माप न धरता रुग्ण कशाच्या आधारे किती पाहतो हे माप धरण्याची. एम्समध्ये चकत्या बसल्या, चेन्नईत पहिल्या पट्ट्या बसल्या, नागपूरच्या खेड्यांनी आकडे दिले. अशी चाचणी भारतात होण्यासाठी लागणारे हात आणि रुग्ण दोन्ही इथे आहेत. तोवर, ज्या मुलाचा सिलिंडर नंबर सहा महिन्यांत दुसऱ्यांदा बदलला आणि जो सतत डोळे चोळतो, त्याला नवा चष्मा देण्याआधी त्याच्या पारपटलाचा नकाशा काढला गेला, तर अस्तर आणि ठिगळ या दोहोंची वेळ त्याच्यावर बहुधा येणार नाही.